चौदा तारखेचा सोमवार

सांतियागो ते ऑकलंड:
नऊ हजार सहाशे किलोमीटर, थोडं वरच.
वेळ तेरा तास.
परतीला अकरा, कारण वारा तेव्हा पाठीशी असतो.
एवढं मी आईला फोनवर वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "तुझ्या बाबाच्या होडीनं किती?"

बाबाची होडी:
आचाओच्या धक्क्यापासून समोरच्या बेटापर्यंत
शांत पाण्यात एक सिगारेट,
वारा असला की तीन,
आणि ओहोटी आडवी आली तर
पोचू तेव्हा पोचू, बटाट्यांना कुठं घाई आहे.
किलोमीटर हा शब्द त्याच्या तोंडी
मी कधी ऐकला नाही.

तिकीट मीच काढलं, तेरा जुलैचं, स्वस्त होतं म्हणून.
रविवारी रात्री अकराला उड्डाण,
मंगळवारी पहाटे चारला उतरणं.
मधला सोमवार तिकिटावर छापलेलाच नव्हता.
माझ्या लक्षात आलं नाही.
आलं असेल, आणि मी दोनशे डॉलर वाचवले असतील.

चौदा जुलैला बाबाला जाऊन वर्ष होणार होतं.

पहाटे ती बाहेर आली तेव्हा
हातात लोकरीचं गाठोडं, आणि पिशवी रिकामी.
तपासनिसानं बटाटे काढून घेतले होते,
जांभळे, आमच्या परसातले.
त्याला ती काही बोलली नाही. मला म्हणाली,
"बटाट्यांची निदान पावती दिली.
सोमवार कुणी घेतला?"

घरी आल्यावर मी तिला समजावू लागले.
टोपलीतलं किवीचं फळ घेतलं,
म्हटलं, ही पृथ्वी, इथून वाराची रेघ जाते.
पण फळाला लव असते, शाई धरत नाही.
मी दिवसभर हीच फळं खोक्यात भरते,
मला ठाऊक असायला हवं होतं.

फळ सोलता सोलता ती म्हणाली,
"तेरा तास नुसती रात्र.
खिडकीची झडप मी कितीदा वर केली.
मेणबत्ती लावू देत नाहीत, विचारलं मी.
पडद्यावर विमान सारखं खाली वाकत चाललेलं,
दक्षिणेकडे, बर्फाकडे;
वाटलं, हा वाट चुकला.
मग आठवलं,
बाल्दोमेरोनं तरी बेटाकडे सरळ नाक कधी धरलं?
भलतीकडेच वल्ही मारायचा,
आणि बेट आपसूक समोर यायचं.
शेजारच्या माणसाला विचारलं, आज वार कुठला?
त्यानं घड्याळ पाहिलं, पडदा पाहिला,
म्हणाला, बाई, आत्ता सांगता येणार नाही."

त्यानंतर सहा आठवडे हा विषय निघाला नाही.
तिनं दोन स्वेटर विणले, एक उसवला.

जायचा दिवस गुरुवार.
संध्याकाळी सहाला विमान सुटलं.
मी अंधारात तीन तास गाडी चालवत घरी आले,
शिळा भात खाल्ला, झोपले.
तिथं ती त्याच गुरुवारी, दुपारी एकला उतरली,
निघण्याच्या पाच तास आधी.

सकाळी फोन आला.
"परत केला त्यांनी.
सोमवार नेला, गुरुवार दिला.
क्लोरिंदा नाही का, साखर उसनी नेते
आणि कांदे आणून देते. चालायचंच."

बस रात्रीची होती. सामान ओढत ती
स्टँडजवळच्या चर्चमध्ये गेली,
बाल्दोमेरो नाहुएल्किनच्या नावानं मेणबत्ती घेतली.
पाद्री वही उघडून म्हणाला, तारीख?
चौदा जुलै.
ती तर होऊन गेली, आई.
"तुमच्याकडे झाली असेल," ती म्हणाली.

मग बस.
दक्षिणेकडे अठरा तास,
अख्ख्या समुद्राहून जास्त.
तिनं कुरकुर केली नाही.
वाटेत शुक्रवार लागला.
एकच.
आणि जागच्या जागी.